तुकोजी ढमढेऱ्यांची पिछाडी

ग्वाल्हेरच्या दाना ओली नावाच्या गल्लीत राहणारे तुकोजी ढमढेरे वर्षातून एक दिवस उलटे चालत. बाकीचे दिवस ते तुमच्याआमच्यासारखेच सरळ चालत, भाजी आणत, पिशवी दुकानात विसरून पुन्हा आणायला जात. पण संक्रांतीनंतरच्या रविवारी मराठी मंडळाची 'खाडीची सफर' निघाली की तुकोजीराव रांगेच्या अगदी शेवटी उभे राहत, गर्रकन पाठ फिरवत आणि डोंगर चढून, उतरून, नदीपर्यंत जाऊन परत बसपाशी येईपर्यंत उलट्या पावलांनी चालत. कुणी हसलं तर हसू देत. हसणारे सगळे त्यांच्या पाठीमागे असायचे, त्यामुळे त्यांना ते दिसत नसत.

ग्वाल्हेरात खाडी कुठून आली, असं विचारू नका. समुद्र इथून रात्रभर रेल्वेत बसलं तरी हाती लागत नाही. पण शहराबाहेरची डोंगररांग ओलांडून बीहडात, म्हणजे मातीच्या घळींच्या रानात, उतरलं की सिमरी नावाची एक किरकोळ नदी इथल्या सिंध नदीला मिळते आणि मिळण्याआधी तिच्या अंगात एकदम मोठेपणा येतो. ती पसरते, चिखल करते, लव्हाळ्यात शिरून दहा वाटा फोडते, बगळे जमवते. दक्षिणेतून आलेल्या कुणा पूर्वजाला ते पाहून घर आठवलं असावं. तो तिला खाडी म्हणाला. त्याच्यानंतर कुणी खरी खाडी नीट पाहिलेली नसल्यामुळे आजवर त्याला कुणी खोडून काढलेलं नाही.

आता सफर म्हटली म्हणजे माणसांनी चालावं, दमावं, डबे खावेत, घरी यावं. पण आमची मंडळी दरबारातून उठून दोन-तीन पिढ्या झाल्या तरी दरबार मंडळींतून उठलेला नाही. या सफरीत कोण कुठे चालणार ते ठरलेलं. सर्वांत पुढे खासगी बाजारातले मुळे, कारण त्यांच्याकडे एकेकाळी पूजेचा मान होता. हल्लीचे गोपाळकृष्ण मुळे बँकेतून निवृत्त झालेले आणि मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी नारळ वाहिल्याशिवाय कुणी पाण्यात पाय घालायचा नाही आणि वाटेत त्यांना ओलांडून कुणी पुढे जायचं नाही. एकदा ते बुटाची नाडी बांधायला बसले आणि नाडीला गाठ बसली, तर सबंध ग्वाल्हेरचा मराठी समाज ऊन खात डोंगरावर उभा होता. सर्वांत मागे ढमढेरे.

ढमढेऱ्यांचा पूर्वज कुठल्याशा मोहिमेत पिछाडी सांभाळत होता. कुठल्या, ते आता कुणालाच सांगता येत नाही. जिंकलेली असती तर आठवली असती, असं सुमनताई, म्हणजे तुकोजीरावांच्या पत्नी, म्हणतात. फौज मागे हटली, पण या गृहस्थानं शत्रूला पाठ दाखवली नाही. तो शत्रूकडे तोंड करून उलट्या पावलांनी घरी आला. तेव्हापासून पिछाडी ढमढेऱ्यांची, आणि ती उलटी.

"शत्रूला पाठ दाखवली नाहीत," सुमनताई म्हणायच्या, "बायकोला मात्र जन्मभर तीच दाखवलीत."

यात थट्टा होती, पण खोटं काही नव्हतं. सुमनताईंचे गुडघे लग्नानंतर लवकरच कुरकुरू लागले, त्यामुळे त्या सफरीला येत पण बसपाशीच थांबत. पायरीवर बसून सगळ्यांच्या संध्याकाळच्या पुलावासाठी मटार सोलत. मावळतीला टेकाडावरून रांग उतरायची, सगळ्यांचे चेहरे दिसायचे आणि सर्वांत शेवटी एक पाठ यायची. त्या उठायच्या, पाठीवरची धूळ झटकायच्या आणि म्हणायच्या, "आलात?"

नोकरीही तुकोजीरावांना अशीच मिळाली, जणू कुणी कुळाचार विचारून दिली. ते रेल्वेच्या छोट्या लाइनवर गार्ड होते. ती चिमुकली गाडी शहरातून डुलत निघायची आणि तुकोजीराव शेवटच्या डब्याच्या दारात हिरवी झेंडी घेऊन उभे असायचे. गाडी पुढे कुठे चालली आहे ते ड्रायव्हर बघेल, आपण सोडून आलेलं बघायचं. स्टेशनं, बाभळी, हात हलवणारी पोरं, सगळं आधी जवळ असायचं आणि मग लहान लहान होत जायचं. ते निवृत्त झाले, मग छोटी लाइनही बंद पडली. उरली ती फक्त सफर. वर्षातल्या त्या एका दिवशी ते गळ्यात शिटी अडकवत, काखेत लाल आणि हिरवी झेंडी धरत आणि पुन्हा कुणीतरी होत.

आणि नेमकी तीच पिछाडी आता जाणार होती.

त्याचं कारण एक म्हैस. उलटं चालणाऱ्याला डोळे लागतात, आणि तुकोजीरावांचे डोळे म्हणजे लीलाताई. मुलींच्या शाळेतल्या निवृत्त खेळशिक्षिका, वयानं मंडळात सर्वांत मोठ्या, त्यामुळे चालीनं सर्वांत मागे. त्या तुकोजीरावांच्या लगेच पुढे चालत आणि शाळेच्या मैदानावरच्या आवाजात सांगत, "दगड! डावीकडे! खड्डा!" गेल्या वर्षी सिमरीच्या काठी त्यांच्या तोंडात बोर होतं. बोर मोठं होतं, बी त्याहून मोठी होती, आणि "म्हैस" हा शब्द वेळेवर निघाला नाही. तुकोजीराव डबक्यात बसलेल्या म्हशीवर जाऊन बसले. म्हैस उठली. ते झेंड्यांसकट बरंच अंतर गेले आणि तेही उलटेच.

मंडळाची बैठक बसली. गोपाळराव म्हणाले, "तुकोजीराव, मान आम्हांला मान्य आहे. पण उद्या काही झालं तर मंडळावर येईल ना? हल्ली गाइड लोक वॉकी-टॉकी ठेवतात. या वर्षी तुम्ही आहातच. पण एकदा जरी पडलात तर तिथेच झेंड्या खाली ठेवायच्या. आणि नाही पडलात तरी पुढच्या वर्षाचं आपण परत आल्यावर बघू."

परत आल्यावर बघू, याचा अर्थ बँकेत कर्ज मागायला गेलेल्या प्रत्येकाला कळतो. तुकोजीराव घरी येऊन न जेवता पडून राहिले. झेंडी गेली तर उरलेल्या दिवसांत आपण नेमके कोण, हे त्यांना सुचेना. "या वर्षी पडलात तर मी उचलायला यायची नाही," सुमनताई म्हणाल्या, आणि गुडघ्याला तेल चोळता चोळता हळूच पुढे म्हणाल्या, "नीट चाला हो."

या वर्षी वाटाड्याही नवा होता. जुने लक्ष्मीकांत मास्तर मुलीकडे पुण्याला गेले होते. त्यांच्या जागी हरिशंकरपुरमचा सौरव आला. अंगावर बारा खिशांचं जाकीट, डोक्यावर कानझाकणी टोपी, हातात मोबाईल. मोबाईलमध्ये नकाशा, नकाशात निळी रेघ.

"काका, टेन्शन बिल्कुल नका घेऊ," तो म्हणाला, "पूरा रूट सेव्ह आहे. बस लाइन फॉलो करायची, सब सेट है."

जाताना खरोखरच सब सेट होतं. डोंगर चढून झाला, तिळाची गजक वाटली गेली, पळसाच्या झाडाखाली फोटो झाले. मग बीहड लागलं. मातीचे उंच कडे, त्यांच्यामधून वळत जाणाऱ्या अरुंद घळी, सगळ्या एकसारख्या पिवळ्या. लीलाताईंनी या वर्षी बोराला शिवायचं नाही अशी शपथ घेतली होती आणि ती पाळली. "दगड! मूळ! शेण! हे ताजं आहे हो!" असं करत करत त्यांनी तुकोजीरावांना न पाडता खाडीवर आणलं. तुकोजीराव येताना नेहमीसारखे मागचं पाहत होते. फुटलेल्या कड्यातलं घारीचं घरटं, एका बाजूला कललेलं करीलचं काटेरी झुडूप, माणसाच्या नाकासारखा पुढे आलेला मातीचा सुळका. सगळं जवळ होतं आणि मग लहान होत गेलं.

गोपाळरावांनी नारळ वाहिला. सगळ्यांनी पाण्यात पाय घातले. सौरवनं या मंगल क्षणाचा व्हिडिओ काढायला लव्हाळ्यावर झुकून हात लांब केला आणि मोबाईल चिखलात पडला. नुसता पडला असता तर उचलता आला असता. तो सावकाश, अंगात मुरल्यासारखा आत गेला आणि वर एक बुडबुडा आला.

"गया," सौरव म्हणाला.

इतरांकडे मोबाईल होते, पण बीहडात रेंज नव्हती आणि निळी रेघ कुणाकडेच नव्हती. तरी सुरुवातीला कुणी घाबरलं नाही. आलो तसे जाऊ. पण बीहडाची गंमत अशी, की उतरताना कुठलीही घळ धरा, ती तुम्हांला नदीवरच आणून सोडते. चढताना प्रत्येक घळ वेगळीकडे नेते. शिवाय येताना सगळ्यांनी फक्त पुढचं पाहिलं होतं. आता तोंड फिरवल्यावर त्यांच्यापुढे जे उभं होतं, ते त्यांच्यापैकी कुणी कधी पाहिलेलंच नव्हतं.

रांग लागली. पुढे गोपाळराव, त्यांच्याशेजारी मान खाली घातलेला सौरव, मागे लीलाताई, आणि शेवटी नदीकडे तोंड करून तुकोजीराव. पहिल्या घळीत शिरतानाच त्यांनी मान वळवून पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की ही ती घळ नव्हे. सुळका दिसत नाही, करील दिसत नाही. त्यांनी तत्काळ शिटी फुंकली आणि लाल झेंडी दाखवली. पण पिछाडीची झेंडी शत्रूच्या दिशेनं दाखवायची असते. ती नदीनं पाहिली, दोन बगळ्यांनी पाहिली. पुढच्या लोकांना शिटी ऐकू आली, आणि तुकोजीरावांना गाडी आठवली असेल बिचाऱ्यांना, असं म्हणून ते चालत राहिले.

ती घळ एका भिंतीपाशी संपली. दुसरी बरीच चढली, वळली, पुन्हा वळली आणि मोठ्या दिमाखात खाडीवर परत आली. ऊन कललं होतं. कुणीतरी लकडबग्घ्याची, म्हणजे तरसाची, गोष्ट काढली, कुणीतरी त्याला गप्प केलं. गोपाळराव पहिल्यांदाच एका दगडावर बसले आणि मानाप्रमाणे सगळेच बसले.

"मी तेव्हाच झेंडी दाखवली होती," तुकोजीराव नदीकडे पाहत म्हणाले. "वाट ही नव्हेच."

"मग वाट कोणती?" गोपाळरावांनी विचारलं.

"नाकासारखा सुळका आहे, त्याच्या उजव्या अंगाची. पुढे करील, मग घारीचं घरटं. येताना तेच तर बघत आलो."

मग सौरवला उलगडलं. "अरे! काका उलटे चालत होते! मतलब परतीचा सगळा व्ह्यू यांनी येतानाच पाहिलाय! काका, तुम्ही तर बॅकअप निघालात. चला, पुढे या, लीड करा."

तुकोजीरावांचा चेहरा उतरला. "पुढे?" ते म्हणाले. "पिछाडी सोडून? ते जमायचं नाही."

"अहो, अंधार पडेल!"

"पडू दे. इतक्या पिढ्या सोडली नाही ती मी सोडू? आणि पुढे गोपाळराव आहेत. त्यांना ओलांडून जाऊ मी?"

गोपाळराव गोंधळले. माणूस वाईट नव्हता. पण घराण्याचा पुढचा मान आपल्या हातून गेला असं खासगी बाजारात कळलं तर काय, हाही विचार त्यांच्या मनात आला. ते म्हणाले, "आपत्काल आहे खरा. पण आधार काहीतरी लागेल." आणि समाजातली सर्व शहाणी माणसं, मावळत्या सूर्याला पाठ करून, आधार शोधू लागली. एकानं सुचवलं की तुकोजीरावांनी मागूनच ओरडून वाट सांगावी. करून पाहिलं. "डावीकडे" म्हणजे कुणाची डावी, यावर दोन भावांचं भांडण झालं.

शेवटी लीलाताई उठल्या. दिवसभर बोर न खाल्ल्यानं त्यांचं डोकं आधीच फिरलेलं होतं. त्यांनी तुकोजीरावांच्या गळ्यातली शिटी ओढून घेतली आणि अशी फुंकली, की बगळे उडाले.

"गोपाळराव, मान पायाला असतो का तोंडाला?"

गोपाळराव विचारात पडले. "तोंडालाच म्हणावा लागेल. गंध काही कुणी पायाला लावत नाही."

"झालं तर मग. सगळ्यांनी तोंडं नदीकडे करा. गोपाळराव नदीच्या बाजूला, म्हणजे पुढे. त्यांच्यामागे सगळे, रोजच्या मानानं. शेवटी मी, माझ्यामागे तुकोजी, घराकडे तोंड करून. कुणाचा मान इकडचा तिकडे झाला? नाही ना? मग आता सगळे मागे चाला!"

यात चूक कुठे आहे ते अध्यक्षांनी शोधून पाहिलं. सापडली नाही. आणि मग ग्वाल्हेरचा सगळा मराठी समाज, खांद्यावर डबे आणि हातात काठ्या घेऊन, नदीला मुजरा करून निघाल्यासारखा उलट्या पावलांनी बीहड चढू लागला.

तुकोजीराव सगळ्यांच्या शेवटी होते, म्हणजे सगळ्यांच्या पुढे होते. आता लीलाताईंना डोळे नव्हते, तेव्हा ओरडायचं काम तुकोजीरावांकडे आलं. "दगड! डावीकडे! मूळ!" एकेक शब्द रांगेतून खाली सरकत जायचा आणि गोपाळरावांना पोचेपर्यंत ते त्या दगडाला भेटून चुकलेले असायचे. सुळका आला. करील आला. घारीचं घरटं आलं, त्यात घारसुद्धा होती. तुकोजीरावांचं वाटेवर नीट लक्ष होतं, पण मनात भलतंच काही होत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच सफरीत त्यांच्याकडे काहीतरी येत होतं. लांबचं झाड ठिपक्याएवढं असायचं, वाढायचं, पानं दाखवायचं, शेजारी येऊन उभं राहायचं. एवढी वर्षं आपण सगळ्या जगाला निरोपच देत आलो, असं त्यांना वाटलं. पुढची "खड्डा!" ही आरोळी जरा ओलीच निघाली.

वर पठारावर म्हशी घेऊन परतणारा एक गुराखी भेटला. त्यानं ही रांग पाहिली, सगळ्यांच्या पाठी पाहिल्या आणि समोर येणाऱ्या एकमेव चेहऱ्याला विचारलं, "दाऊ, जे का हो रहो है?"

"वापस जा रहे हैं," तुकोजीराव म्हणाले.

"वापस तो हम भी जात हैं," गुराखी म्हणाला आणि म्हशींना बाजूला घ्यायचं विसरून पाहत राहिला. तुकोजीराव ओरडले, "म्हैस!" लीलाताई ओरडल्या, "म्हैस!" शब्द रांगेतून निघाला. तो अध्यक्षांपर्यंत वेळेत पोचला की नाही, यावर मंडळात आजतागायत कुणी बोललेलं नाही. एवढंच खरं, की बसपाशी आल्यावर गोपाळरावांच्या पांढऱ्या धोतराला मागच्या बाजूनं चिखलाचा मोठा गोल होता.

टेकाड उतरताना बस दिसली. पायरीवर सुमनताई मटाराचं पातेलं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. या वेळेपर्यंत रांग यायला हवी होती, म्हणून सोललेले मटार त्या पुन्हा पुन्हा हातांनी वरखाली करत होत्या. त्यांनी वर पाहिलं. टेकाडावरून एक चेहरा उतरत होता आणि त्याच्यामागे सगळ्या पाठी होत्या. पातेलं तसंच पायरीवर ठेवून त्या गुडघे विसरून उठल्या.

"काय झालं? कोण पडलं? तुम्ही असे कसे येताय?"

"कुणी पडलं नाही," तुकोजीराव म्हणाले. "मी आलोय."

एकेक करून पाठी बसला टेकल्या आणि माणसांत बदलल्या. सर्वांत शेवटी, म्हणजे सर्वांत मानानं, गोपाळराव आले. त्यांना धाप लागली होती. सगळे त्यांच्याकडे पाहत राहिले, कारण झेंड्यांचा निकाल आता लागायचा होता. तुकोजीरावांनी झेंड्या गुंडाळून छातीशी धरल्या होत्या.

"दरवर्षी नारळ वाहतो आणि पाठ फिरवतो," गोपाळराव म्हणाले. "खाडी नजरेआड होताना कशी दिसते, ते आज पाहिलं. किती वेळ दिसत राहते हो ती! तुकोजीराव, पिछाडी तुमची. वॉकी-टॉकी-बिकी काही नको."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सौरवनं सवयीनं खिशात हात घातला, व्हिडिओ काढायला, आणि रिकामाच बाहेर काढला.

"एक मागणं आहे," तुकोजीराव म्हणाले.

"बोला."

"टेकाडापर्यंत मी पिछाडीनं येईन. पण टेकाडापासून बसपर्यंत तोंड करून येणार."

"आणि तेवढ्यात शत्रू आला मागून तर?" गोपाळरावांनी खरोखरच विचारलं.

"आला तर बसमध्ये जागा देऊ त्याला," लीलाताई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून बोर काढून तोंडात टाकलं.

सुमनताई नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. सवयीनं हात त्यांच्या पाठीकडे गेला, पण पाठ स्वच्छ होती. सगळी धूळ या वर्षी तोंडावर बसली होती, भुवयांवर, मिशीवर, डोळ्यांच्या कडांना. त्यांनी पदर उचलला, आणि तो नेमका कुठून लावायला सुरुवात करावी, हे त्यांना बराच वेळ कळेना.

"आलात?" त्या म्हणाल्या.